शेजारचा ब्रेक

अर्ध्या शहराला गाडी मास्तरांनी शिकवली आणि उरलेलं अर्धं शहर त्यांच्या धाकाने जन्मभर सायकलच चालवत राहिलं, असं मास्तरांचा धाकटा मुलगा गमतीने म्हणायचा. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, मोटार चालवायला शिकवणारे. एक गाडी, एक पाटी आणि एक करडी नजर, एवढ्या भांडवलावर त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली होती.

गाडी फिकट हिरवी, पुढून गोल आणि मागून बसकी. खड्ड्यांतून जाताना अशी डुलायची की विद्यार्थ्यांनी तिचं नाव ‘बदक’ ठेवलं होतं. शिकवण्याच्या गाडीला असतो तसा तिला शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता. तो मास्तरांचा. मास्तर कधी ओरडत नसत, ‘ब्रेक दाब’ असंही म्हणत नसत. बोटातल्या जाड अंगठीने समोरच्या डॅशबोर्डवर दोनदा वाजवत. टक, टक. तेवढ्याने विद्यार्थी थांबला तर ठीक, नाहीतर मास्तर आपल्या पायाखालचा ब्रेक दाबत आणि विद्यार्थ्याच्या कपाळाची स्टिअरिंगशी ओळख होई.

विद्यार्थी तयार झाला की मास्तर तोंडाने काही सांगत नसत. चालत्या गाडीत चपला काढत, त्या ब्रेकखाली नीट जोडीने ठेवत आणि दोन्ही पाय सीटवर घेऊन मस्तपैकी मांडी घालून बसत. आता गाडी तुझी, माझे पाय मोकळे. शहरात ‘मास्तरांनी मांडी घातली’ हा वाक्प्रचारच झाला होता. पोरगं बारावी पास झालं तरी लोक तसंच म्हणायचे.

धाकट्यासाठी त्यांनी आठवड्याभरात मांडी घातली. थोरल्या मुलीसाठी मात्र कधीच नाही. ती शिकली, परवान्याची सरकारी परीक्षा पास झाली, पुढे चष्म्याचं दुकान काढून स्वतःची छोटी गाडीही घेतली. पण बदकात बसून तिने कितीही सफाईने गाडी चालवली, तरी मास्तरांचा पाय ब्रेकवरून हलला नाही. मग त्यांची नजर अधू झाली, शिकवणी बंद पडली आणि गाडी विकली गेली. थोरल्या ताईची मास्तरांपुढची परीक्षा तशीच राहिली. आता केस पिकायला लागले तरी हे शल्य तिच्या मनातून गेलं नव्हतं, आणि धाकटाही ते जाऊ देत नसे.

तीन वर्षांपूर्वी मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. उजवा पाय तर लाकडाच्या ओंडक्यासारखा. वाचाही जवळजवळ बंद झाली. दिवसभर ते खिडकीपाशी रुंद खुर्चीत बसून रस्त्याकडे बघत. त्यांची देखभाल करायला एक मावशी यायच्या. साधी चप्पल त्या निर्जीव पायात टिकत नाही म्हणून मावशींनी पट्ट्याच्या चपला खास शिवून आणल्या होत्या. रोज सकाळी त्या चपला पायात घालून पट्टे आवळून बांधत. चपलांचे तळ मात्र अजून दुकानातल्यासारखे कोरे होते. चालणार कोण?

मास्तरांना आणखी एक खोड लागली होती. मधूनच डाव्या हातातल्या अंगठीने खुर्चीच्या हातावर दोनदा वाजवायचं. डॉक्टर म्हणाले, जुनी सवय आहे, मेंदूत कुठेतरी शिल्लक राहिली असेल. ताईला ते पटलं होतं. न पटण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

यंदा मास्तरांचं जेवण तुटलं. माणसांकडे बघणंही त्यांनी सोडलं. आणि एका सकाळी, कितीतरी महिन्यांनी, त्यांच्या तोंडून स्पष्ट शब्द आला. खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, “बदक.”

ताईने त्या दिवशी दुकान उघडलं नाही.

“लोक आजारी वडिलांसाठी हवेची गादी आणतात,” धाकटा म्हणाला. “तू मोटार आणणार?”

“आणणार.”

“अगं, ते मॉडेल बंद होऊन जमाना झाला. ती भंगारात गेली असेल. एव्हाना तिचे डबे झाले असतील.”

“मग मी डबे आणीन. तू फक्त बाबांना काही सांगू नकोस.”

जुन्या गाड्यांची हौस असलेल्या लोकांचं एक वेगळंच जग असतं, हे तिला तेव्हा कळलं. मंडळं, मेळावे, फोटो, आणि एखाद्या दिव्याच्या काचेवरून तासन्‌तास चालणारी भांडणं. बदकाच्या जातीच्या गाड्या अजून इकडेतिकडे होत्या. कुणी लाल रंगवलेली, कुणी छत कापून उघडी केलेली. ताई प्रत्येक मालकाकडे एकच फोटो मागायची. इंजिनाचा नको, टायरचा नको, शेजारच्या सीटसमोरच्या डॅशबोर्डचा, अगदी जवळून. बहुतेकांनी तिला वेड्यात काढलं.

फार लांबच्या एका बंदराच्या गावातून मात्र फोटो आला. तिने तो मोठा करून छापला आणि दुकानातल्या भिंगाखाली धरला. पत्र्यावर शेजारीशेजारी दोन बारीक खोलगट डाग होते आणि तेवढ्याच जागी रंग उडाला होता. अंगठीने वर्षानुवर्षं ठोकल्यावर उडतो तसा.

तिने धाकट्याला फोन लावला. “सापडली?” त्याने उचलताच विचारलं.

मास्तरांना सांगितलं की ताई काचांच्या व्यापाऱ्याकडे चालली आहे. त्यांनी खिडकीवरून नजर हलवली नाही.

गाडीचे मालक जनावरांचे निवृत्त डॉक्टर होते. घर समुद्रापासून जवळ, हवेत मिठाचा वास, आणि गॅरेज एखाद्या दवाखान्यासारखं लख्ख. बदक तिथे झाकून ठेवलं होतं. डॉक्टरांनी कापड ओढलं आणि ताई नुसती उभी राहिली. मग तिने आपल्या स्वभावाप्रमाणे सगळं तपासलं. तेल, पाणी, दिवे, टायर, पत्र्याला लागलेला गंज. शेवटी वाकून शेजारच्या ब्रेकपाशी गेली.

“तो नुसता शोभेला आहे,” डॉक्टर मागून म्हणाले. “त्याचा दांडा माझ्या आधीच्या मालकाने कापला. कशालाच जोडलेला नाही.”

तिने हात घालून पाहिलं. खरंच कापलेला होता, टोक घासून गुळगुळीत केलेलं. पेडल हाताने सहज खाली जात होतं आणि स्प्रिंगने वर येत होतं. भोवती सगळीकडे धुळीचा पातळ थर होता. पेडलच्या रबरावर मात्र धूळ नव्हती. त्याच्या आडव्या रेघा स्वच्छ उठून दिसत होत्या.

“का विकताय?” तिने विचारलं. “एवढी जपलीत आणि विकता?”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. “गाडी उत्तम आहे. पण मला आता या वयात कुणी शिकवलेलं आवडत नाही.”

“कोण शिकवतं?”

“पूर्वी असं नव्हतं. तीनेक वर्षांपासून. वाईट काही नाही हो. उलट दोनदा वाचलोय मी.”

त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “शेजारच्या सीटवर सामान नका ठेवू. राहत नाही.”

म्हातारी माणसं एकटी राहिली की असं बोलतात, असं ताईने मनाशी ठरवलं. डॉक्टरांच्या चष्म्याच्या डाव्या काचेला चरा पडला होता. तो बदलून घ्या म्हणून सांगितलं आणि व्यवहार पुरा केला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती निघाली. बदक पहिल्याच फटक्यात सुरू झालं. आत तोच वास, ऊन खाल्लेल्या रेक्झिनचा आणि पेट्रोलचा. आनंदाने तिला गाता गळा नसतानाही गावंसं वाटलं, आणि ऐकायला कोणी नाही म्हणून ती गायलीही. गाव मागे पडलं, समुद्र मागे पडला. पिशवी तिने सवयीने शेजारच्या सीटवर ठेवली होती. पहिल्याच वळणाला ती खाली पडली. उचलून ठेवली, पुन्हा पडली. वळण नसताना तिसऱ्यांदा पडली तेव्हा तिने ती मागच्या सीटवर टाकली.

पुढे एका बाजाराच्या रस्त्यावर भाजीचा हातगाडा अचानक आडवा आला. ताईने ब्रेक दाबला. गाडी थांबली. आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिला दिसलं की शेजारचं पेडल खाली गेलेलं होतं. मग ते सावकाश वर आलं, कुणी पाय जपून काढून घ्यावा तसं.

हादऱ्याने झालं असणार. स्प्रिंग जुनी आहे.

बाजार संपल्यावर तिने गाडी मोकळ्या रस्त्यावर घेतली आणि मुद्दाम करकचून ब्रेक मारला. पेडल जागचं हललं नाही. खड्ड्यात घालून पाहिली, तरी नाही. मग थोड्या वेळाने एक कुत्रं रस्त्यात आलं आणि तिचा पाय उचलला जायच्या आत ते पेडल शांतपणे तळाला टेकलं. दांडा कापलेला. कशालाच न जोडलेला. तरी गाडीचा वेग कमी झाला.

कुत्रं गेलं. ताई गाडी बाजूला घेऊन खाली उतरली आणि थोडं पाणी प्यायली. भीती होती, नाही असं नाही. पण त्या भीतीत एक ओळखीची चीडही होती, आणि ती चीड तिला विसाव्या वर्षापासून ठाऊक होती. मी दाबतच होते की ब्रेक!

दुपारी जेवायला थांबली तेव्हा तिने घरी फोन केला. मावशींनी उचलला.

“बाबा कसे आहेत?”

“आज काही खरं नाही ताई. सकाळपासून खुर्चीवर टकटक चाललंय नुसतं. घास घेत नाहीत. अंगाला घाम. मध्येच सगळं अंग ताठ करतात, पुढे रेलतात. धाकट्या भाऊंनी डॉक्टरांना बोलावलं, ते म्हणाले नाडी चांगली आहे.”

“पाय?”

“पायाचं काय विचारताय? तो तसाच आहे.”

ताईने फोन ठेवला. पुढ्यातलं ताट तसंच राहिलं.

पुढे घाट होता. चढण बदकाने कण्हत कण्हत पार केली, पण केली. माथ्यावर धुकं होतं. भर दुपारी दिवे लावावे लागले. उताराला लागल्यावर ताई वळणावळणाला क्लच दाबून गाडी सोडत होती. वाईट सवय. ठाऊक होतं, पण घरी पोचायची घाई होती.

एका वळणाच्या अलीकडे रस्ता चांगला दिसत होता. पांढरा पट्टा सरळ धुक्यात शिरला होता. पुढे काहीच नव्हतं.

टक, टक.

आवाज डॅशबोर्डमधून आला. त्या दोन डागांच्या जागेवरून.

तिने विचार केला नाही. पाय आपोआप गेला, शेजारचं पेडल हलायच्या आत. गाडी घसरत, किंचाळत थांबली.

धुकं जरा सरकलं.

पांढरा पट्टा पुढच्या चाकांपासून हातभर अंतरावर संपला होता. त्यापुढचा अर्धा रस्ता दरीत गेला होता. कड्यावरून अजून माती ओघळत होती.

तिने शेजारी पाहिलं. सीट रिकामी होती. पेडल वर होतं. ते दाबावं लागलं नव्हतं.

मग ती उतरली, मागच्या वळणावर दगड आणि फांद्या रचून रस्ता अडवला, डोंगराच्या बाजूने गाडी इंचाइंचाने पलीकडे काढली आणि तिकडच्या बाजूलाही तसंच केलं. खाली पहिल्या चौकीवर जाऊन खबर दिली. तिथला माणूस म्हणाला, “तुम्ही थांबलात कशा?”

“शिकवलंय तसं,” ती म्हणाली.

घाटाखाली नदीकाठाने सरळ रस्ता होता. ऊन पडलं होतं. धुळीचा लोट उडवत एक ट्रॅक्टर शेतातून बाहेर आला. तिने आरसा पाहिला, वेग कमी केला, वाट दिली. टकटक नाही. पेडल स्थिर. पुढे अरुंद पूल, समोरून बस. तिने आधीच थांबून बसला जाऊ दिलं. शेजारून काही नाही. क्लचवरून पाय काढून ठेवला होता. एवढी शांत, एवढी स्वच्छ गाडी तिने आयुष्यात चालवली नव्हती, आणि हे तिचं तिलाच कळत होतं.

मग खाली काहीतरी हलकेच पडलं. टप. थोड्याने पुन्हा, टप.

पिशवीतून चष्म्याची डबी घरंगळली असेल.

शेजारच्या सीटच्या स्प्रिंगा कुरकुरल्या. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. जड माणूस ऐसपैस बसताना कुरकुरतात तशा.

ताईने मान वळवली नाही. गाडी चालवताना नजर रस्त्यावर. मास्तरांचा नियमच होता तो.

“बाबा?” ती म्हणाली.

तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. तिने हॉर्न वाजवला. उगाचच, लांबलचक. काठावरचे बगळे उडाले.

शहरात शिरली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. पेट्रोलपंपावरचा म्हातारा पहिल्यांदा ओरडला, “अरे, बदक!” मग शिंपी दुकानातून बाहेर आला. दवाखान्यातली परिचारिका स्कूटरवरून मागे लागली. मास्तरांच्या हाताखालून गेलेले आणखी कोण कोण, कुणी टॅक्सी घेऊन, कुणी टेम्पो घेऊन, हॉर्न वाजवत मागोमाग निघाले. गल्लीत वळताना बदकामागे वरातच लागली होती. धाकटा फाटकात उभा होता. तो धावत आला आणि गाडीच्या गोल टपावर त्याने डोकं टेकलं.

“ताई,” तो म्हणाला, “आधी आत ये.”

गाडी तशीच सोडून ती दाराकडे निघाली.

दारात मावशी होत्या. चेहरा उतरलेला, पण डोळे वेगळेच दिसत होते. “मी नाही हो केलं,” त्या म्हणाल्या. “मला जमणारच नाही. पायाला व्यायाम देणाऱ्यालाही तीन वर्षांत जमलं नाही.”

खिडकीपाशी मास्तर खुर्चीत बसले होते. ताठ, प्रसन्न, दोन्ही पाय वर घेऊन. उजवा पाय डाव्यावर नीट दुमडलेला. मांडी घालून.

“कधीपासून?” ताईने विचारलं.

“चहा घेऊन आले तेव्हा बघितलं. तोवर नुसती तडफड चालली होती. एकदा तर अशी अंगठी आपटली, मला वाटलं खुर्चीचा हात मोडतो. मग गप्प झाले. आणि मग हे असे.”

मास्तरांनी मान वळवली. खिडकीकडून, तिच्याकडे. ओठ जुळवायला त्यांना वेळ लागला.

“पास,” ते म्हणाले.

ताई त्यांच्या पायाशी बसली आणि लहान मुलीसारखी रडली. मास्तरांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. जरा वेळाने ते पुन्हा काही बोलू लागले. सगळे कान देऊन उभे राहिले.

“उताराला,” मास्तर म्हणाले, “क्लच... दाबत जाऊ नकोस.”

धाकटा एवढ्या जोरात हसला की बाहेरची मंडळी काय झालं म्हणून आत डोकावू लागली. त्याला वाटलं, बाबा जुनंच काहीतरी बोलताहेत. ताईने त्याला काही सांगितलं नाही. मावशींनी भात कालवून आणला आणि मास्तरांनी तो सगळा खाल्ला, वर आणखी मागितला.

“चला मास्तर, चक्कर मारू,” शिंपी म्हणाला. “सगळे थांबलेत बाहेर.”

“थांबा, चपला,” मावशी म्हणाल्या. “दुपारपासून शोधतेय. सकाळी माझ्या हाताने पायात घातल्या होत्या, पट्टा आवळून. खुर्चीखाली नाहीत, पलंगाखाली नाहीत. घरात कुणी आलं नाही, गेलं नाही.”

“राहू द्या चपला!” धाकट्याने मास्तरांना अलगद दोन्ही हातांवर उचललं. “अनवाणी नवरदेव.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हॉर्न वाजू लागले. ताई सगळ्यांच्या पुढे धावली आणि तिने बाबांसाठी शेजारचं दार उघडलं.

पेडलच्या खाली, नीट जोडीने, चपला ठेवलेल्या होत्या.

उजवीचा पट्टा बांधलेलाच होता. तिने ती उचलून उलटी केली. जमिनीला कधी न टेकलेल्या त्या कोऱ्या तळावर, पुढच्या भागात, रबराच्या आडव्या रेघा खोल उमटल्या होत्या.